अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला?

या वेळी गंमत झाली. चार पत्रं आली, चौघं एकमेकांना ओळखत नाहीत (निदान मला तसं वाटतं, नागपुरात काही सांगता येत नाही, कोणी ना कोणी कोणाचा साडू निघतोच), पण चौघांचा प्रश्न फिरून फिरून तोच. एखाद्या समाजाबद्दल, गावाबद्दल, चेहऱ्याबद्दल आपण जो अंदाज बांधतो तो सावधपणा कुठपर्यंत आणि वर्णद्वेष कुठून? म्हणून सासू-सून आणि सोसायटीचं पार्किंग पुढच्या अंकात घेऊ, या वेळी हेच.

ताई, नमस्कार. मी रिटायर्ड आहे, मनीष नगरला स्वतःचं घर आहे, वरचा मजला भाड्यानं देतो. मागच्या महिन्यात दोन मुली घर बघायला आल्या, एक नागालँडची, एक मिझोरामची. एक खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, दुसरी मॉलमध्ये कामाला. बोलायला चांगल्या होत्या, पण मी नाही म्हटलं. त्यांच्या खाण्याचा वास, रात्री-बेरात्रीचं येणंजाणं, आणि उद्या भाडं बुडवून गेल्या तर कुठे शोधायचं? मुलाला फोनवर सांगितलं, तो पुण्याला आयटीत आहे, तर मलाच म्हणतो बाबा तुम्ही रेसिस्ट आहात. मी जन्मात कोणाला वाईट बोललो नाही. माझं घर आहे, मी सावध राहिलो, त्यात एवढं काय चुकलं?
— एक वाचक, मनीष नगर

काका, तुम्ही रेसिस्ट आहात की नाही याचा निकाल मी लावत नाही, कारण तो शब्द माणसाला चिकटवला की पुढचं बोलणंच बंद होतं, तुमचं आणि मुलाचं झालं तसं. आपण तुमची तीन कारणं एकेक करून बघू.

वास. नागा लोकांकडे आखुनी म्हणून आंबवलेल्या सोयाबीनचा प्रकार असतो, त्याला चांगला उग्र वास येतो, हे ते लोक स्वतःच हसत सांगतात. म्हणजे हा अंदाज अगदी हवेतला नाही. पण तुम्हाला हे कुठे माहीत होतं? तुम्ही नुसतं 'त्यांच्या खाण्याचा वास' लिहिलंय, कुठला पदार्थ, रोज करतात की सणावारी, नागालँडच्या मुलीचं खाणं आणि मिझोरामच्या मुलीचं खाणं एकच का, काहीच नाही. आणि आपल्याकडे सुकट भाजली की तीन घरं खिडक्या लावतात, रविवारी सावजी मटणाचा वास अख्ख्या गल्लीला येतो, तेव्हा आपण म्हणतो वा, कोणाकडे आज बेत आहे! 'पोरींनो, वरच्या किचनला चिमणी नाही, तुम्ही काय काय बनवता' एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं.

एक जुनी गोष्ट सांगते. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून आलेल्या मुलामुलींसाठी एक पुस्तिका काढली होती, त्यात आखुनी, बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका असा सल्ला होता, कपडे कसे घालावे तेही होतं. म्हणजे ज्या मुलामुलींना लोकांचा त्रास होत होता त्यांनीच सुधरायचं! मग २०१४ च्या जानेवारीत त्याच दिल्लीत, लाजपत नगरात, अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची केसांवरून चेष्टा झाली, त्यातून भांडण, मारहाण, आणि तो मुलगा गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना इतरत्र होणारा त्रास बघायला सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. आता तुमच्या 'नाही'चा आणि त्या माराचा संबंध लावला तर तुमच्यावर अन्याय होईल, मी लावत नाही. मी एवढ्यासाठीच सांगितलं की ती पुस्तिका लिहिणाऱ्यालाही आपण काळजीपोटीच लिहितोय असं वाटलं असणार. मन साफ आहे एवढ्यावर भागत नाही.

रात्रीचं येणंजाणं. काका, नर्स आहे ती! नाईट ड्युटी करणारच. तुमच्या भाचीला नाईट लागली की बिचारी दमते, आणि हिला लागली की येणंजाणं?

आता भाडं. इथे मी जरा हक्कानं बोलते कारण मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. आमच्या धंद्यात अंदाजाशिवाय पान हलत नाही. वकील, पोलीस आणि पत्रकार यांना कर्ज द्यायला भले भले मॅनेजर कचरायचे, वसुलीला गेलं की आपल्यालाच कलमं ऐकवतात म्हणून. हे आम्ही चहा पिताना हसत बोलायचो. पण 'निगेटिव्ह एरिया' नावाचा एक प्रकार होता, त्याबद्दल कोणी हसत नव्हतं. काही वस्त्यांची नावं फॉर्मवर दिसली की फाईल गठ्ठ्यात खाली जायची. एक वेल्डिंगचं दुकान चालवणारा माणूस आला होता, तीन वर्षांचे रिटर्न व्यवस्थित, सगळे कागद नीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावलेले. मी त्याला चार महिने फिरवलं. हे आणा, ते आणा. शेवटी त्यानं येणंच बंद केलं, नंतर कळलं सावकाराकडून पैसे उचलले. त्यानं आमचे हप्ते भरले असते की नाही? मला आजपर्यंत माहीत नाही आणि कधी कळणारही नाही, कारण मी दारच लावून घेतलं होतं, मग माझा अंदाज चुकलाय हे मला दाखवून देणार कोण? तुमचंही तेच होणार. त्या दोघी दुसरीकडे कुठे तरी एक तारखेला भाडं देत राहतील आणि तुम्ही इकडे म्हणत राहाल की बरं झालं वाचलो.

अमेरिकेत तर याचे नकाशेच काढले होते. १९३० च्या दशकात तिथल्या एका सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लाल, लाल म्हणजे धोका. मग तिथे कर्ज मिळेना, कर्ज नाही म्हणून घरांची डागडुजी होईना, डागडुजी नाही म्हणून भाव पडले, आणि भाव पडले तसे बँकवाले म्हणाले बघा, आम्ही म्हणतच होतो. १९६८ च्या कायद्यानं हे बंद केलं, पण ज्या घरांचा पैसा तीस वर्षं वाढलाच नाही त्यांचा तो परत कोण देणार? आमच्या ऑफिसात नकाशा नव्हता, मनात होता, एवढाच काय तो फरक.

भाडं बुडायची भीती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिचा इलाज तुमच्या हातातच आहे. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, ते रजिस्टर करणं महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारकच आहे, डिपॉझिट घ्या, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या, नोकरीचं ओळखपत्र बघा. हे सगळं तुम्ही काटोलच्या पोराकडूनही घेता ना? मग त्याला कागद विचारायचे आणि हिचा चेहरा बघूनच नाही म्हणायचं, हा फरक कशासाठी? मला वाटतं तुमचा मुलगा जे म्हणत होता ते इथे लागू पडतं. अंदाज मनात येणं हा गुन्हा नाही, येतोच, पण समोर माणूस उभा आहे, तोंडात जीभ आहे, हातात कागद आहे, तरी आपण त्यातलं काहीच न बघता अंदाजावरच निकाल देतो, आणि निकाल चुकला तर आपल्या खिशातून एक रुपया जात नाही, सगळा भुर्दंड तिला.

कायद्याचं म्हणाल तर तो तुम्हाला बहुतेक अडवणार नाही. घटनेचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचं नाव घेतं, तुमच्या वरच्या मजल्याचं घेत नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'फक्त पारशी सभासद' हा नियमसुद्धा चालू दिला. तेव्हा तुमच्या 'माझं घर आहे' ला कायद्याची हरकत नाही, हरकत तुमच्या मुलाची आहे.

आणि त्याला एकदा विचारा, पुण्यात त्याला कोणी म्हटलंय का की तुम्ही विदर्भातले म्हणजे आळशी. म्हटलं असणारच. मे महिन्यात ४५ डिग्रीत आपण दुपारी दारं लावून पडतो हे खरंच आहे, त्याला अक्कल म्हणतात. पण त्यावरून त्याच्या साहेबानं ठरवलं की नागपूरच्या पोराला मोठं प्रोजेक्ट नको, तर तुम्ही इथून फोनवर किती ओरडाल!

त्या मुलींचा नंबर असेल अजून तर लावून बघा. घर मिळालं असेल तर मिळालं.

ताई, आमचं साड्यांचं दुकान आहे, महालात. पारधी बाया दुकानात आल्या की मी पोट्ट्यांना इशारा करते, लक्ष ठेवा म्हणून. काहून की दोनदा चोरी झाली आमच्याकडे, एकदा तर कॅमेऱ्यातच दिसलं, तशाच बाया होत्या. माझी पोरगी लॉ करून राहिली, ते म्हणते आई हे चूक आहे, हे जातिवादी आहे. आता डोळ्यानं पाहिलेलं खोटं कसं म्हणू मी?
— महालातली दुकानदार

डोळ्यानं पाहिलेलं खोटं नाहीच. पण तुम्ही लिहिलंय तेच पुन्हा वाचा: चोरी दोनदा झाली, कॅमेऱ्यात एकदा दिसलं. मग दुसरी चोरी कोणी केली? ते तुम्हाला माहीत नाही. तरी मनातल्या खात्यात ती पण त्यांच्याच नावावर जमा झाली की नाही? आणि 'तशाच बाया' म्हणजे कशा? लुगडं, बोचकं, बोली? त्या पारधीच होत्या हे कोणी विचारलं होतं?

आता मी बँकेतली बाई, मला हिशोब केल्याशिवाय जमत नाही. आकडे मी मनानंच घेते, खरे नाहीत, नुसते समजायला. धरा की तुमच्या इतर गिऱ्हाइकांत हजारी ५ जणी चोर निघतात आणि या बायांमध्ये हजारी १०. म्हणजे डबल! कोणीही म्हणेल हो, मग लक्ष ठेवायलाच पाहिजे. पण हजारातल्या ९९० तर पैसे देऊन साडी नेणार आहेत, तुमचा इशारा मात्र हजारही जणींवर. हे झालं एक. दुसरं त्याहून मजेदार आहे. तुमच्या दुकानात रोज इतर २०० जणी येतात असं धरू आणि पारधी बाया महिन्यात ४. मग २०० जणींच्या गर्दीत रोज एक चोरी, महिन्याच्या ३०. आणि त्या चौघींच्या हिशोबानं २५ महिन्यांत एक! त्यांचा दर डबल धरूनसुद्धा. आणि तुमचे पोट्टे बघतात कुठे? त्या चौघींकडे. तेवढ्या वेळात काउंटरच्या दुसऱ्या टोकाला ज्या वहिनी कारमधून उतरून आल्यात त्यांच्या पर्सकडे कोणाचंच लक्ष नाही, वर त्यांना कोल्ड्रिंक पण आलंय.

म्हणून मी म्हणते की हा अंदाज माणुसकी वगैरे सोडा, धंद्यालाही खोटाच आहे.

पण माणुसकीचंही बोलावंच लागेल, कारण पारध्यांवरचा हा इशारा तुम्ही काही स्वतः शोधून काढला नाही, तो दीडशे वर्षं जुना आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कितीतरी जमाती अख्ख्याच्या अख्ख्या यादीत घातल्या, पारधी पण पुढे त्यात आले. यादीतल्या जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, मग त्यानं काही करो न करो. नाव नोंदवायचं, पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. देश स्वतंत्र झाला तरी पाच वर्षं हे चालूच होतं, ३१ ऑगस्ट १९५२ ला यादीतून नावं निघाली, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन करतात. आणि ते यादीतून निघेपर्यंत राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' म्हणून नवे कायदे येऊ लागले, नाव बदललं, नजर तीच. फासे लावून शिकार करणारे म्हणून फासेपारधी, पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकारही गेली, जमीन तर आधीपासूनच नव्हती. मग गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर, आणि जिथे रोज शोधाल तिथेच काही ना काही सापडणार ना? बंगल्यांच्या कॉलनीत रोज झडती घेतली तर तिथेही सापडेल. सापडलं की रेकॉर्डवर चढलं, आणि रेकॉर्ड बघून पुन्हा गाडी पालावर. आत्ता आत्ता, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टानं जेलच्या नियमावल्यांमधल्या जातीवरून कामं वाटायच्या आणि विमुक्त जमातींना सराईत समजायच्या तरतुदी रद्द केल्या. २०२४! तोपर्यंत त्या पुस्तकात छापलेल्या होत्या. तुमच्या मुलीला सांगा, तो निकाल वाचून काढ, कॉलेजात कामी येईल.

मग दुकान वाऱ्यावर सोडायचं का? अजिबात नाही. बॅग काउंटरला ठेवायचा नियम करा, एका वेळी पाचच साड्या उलगडून दाखवायच्या, कॅमेरा अख्ख्या काउंटरवर फिरू द्या, पोट्ट्यांना सांगा हाताकडे बघा, साडी पदराखाली गेली का ते बघा, मग तो पदर कोणाचाही असो. आणि नियम सगळ्यांना. त्या कारवाल्या वहिनींना 'पर्स इथे ठेवता का' म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही, मला माहीत आहे, माझीही रेटली नसती. त्या बायांना म्हणताना मात्र आपली जीभ कशी चुरुचुरु चालते बघा.

ताई, बायको चार महिन्यांची गरोदर आहे. हॉस्पिटलात गेलो तर डॉक्टर मॅडमनी पहिले विचारलं, तुमचा समाज कोणता? मी सांगितलं, तर लगेच सिकलसेलची टेस्ट लिहून दिली. मला फार राग आला. आमच्या आधी जे जोडपं होतं त्यांना असं काही विचारलं नाही. बायको म्हणते जाऊ द्या, आपल्याच भल्याचं आहे. पण २१ व्या शतकात डॉक्टर जात विचारते हे बरोबर आहे का?
— वाचक, नंदनवन

दादा, राग यायचाच. आपल्याकडे हा प्रश्न कुठे कुठे विचारला जातो आणि उत्तरानंतर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे ज्यानं भोगलंय त्याला डॉक्टरच्या खुर्चीतून आला तरी तो टोचणार. पण या वेळी मी वहिनींच्या बाजूनं आहे, थोडीशी तुमच्याही.

सिकलसेल म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात तो बराच आहे. आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींमधल्या काही समाजांत, काही ओबीसी समाजांतही. आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे आजार नाही पण त्याचा एक जीन अंगात आहे, आपल्याकडे एएस पॅटर्न म्हणतात तो, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक व्हायची ५० टक्के. आणि वाहकाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, म्हणून टेस्ट केल्याशिवाय कळतच नाही. तेव्हा मॅडमनी बांधला तो पण अंदाजच, समाजावरूनच बांधला. पण त्या अंदाजानं तुमचं काय गेलं? थोडं रक्त. आणि अंदाज चुकला तर? रिपोर्ट नॉर्मल येईल, पेढे वाटा. वरच्या काकांच्या अंदाजात आणि मॅडमच्या अंदाजात मला हाच फरक दिसतो. काकांनी अंदाज बांधून प्रश्नच बंद केला, मॅडमनी अंदाज बांधून तपासणी सुरू केली. तुमचा स्वभाव, तुमची ऐपत, तुमची लायकी यातलं काहीच त्यांनी त्यावरून ठरवलं नाही.

आता तुमच्या बाजूचं. त्यांनी आधी कारण सांगायला हवं होतं, 'आपल्या भागात हा आजार आहे म्हणून विचारतेय', दोन वाक्यं. आणि खरं तर आधीच्या जोडप्याचीही टेस्ट व्हायला हवी होती, कारण सिकलसेल जात विचारून येत नाही. तो मलेरियाच्या मागे मागे आलाय. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, आफ्रिकेत, सौदीत, ग्रीसमध्ये, आपल्या जंगलपट्ट्यात. अमेरिकेत १९१० मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरनं तो पहिल्यांदा नोंदवला, पेशंट कॅरिबियन बेटावरून आलेला काळा तरुण होता, आणि मग तिकडे हा 'काळ्यांचा आजार' असंच होऊन बसलं. असं एकदा डोक्यात बसलं की गोऱ्या पेशंटमध्ये तो चटकन कोणाला सुचत नाही. म्हणजे अंदाजाचा फटका यादीबाहेरच्यालाही बसतो.

डॉक्टरी अंदाजसुद्धा कधी उलटा फिरतो. किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थावरून काढायचं एक सूत्र आहे, अमेरिकेत त्यात पेशंट काळा असला की उत्तर सुमारे १६ टक्क्यांनी वाढवायचे. काळ्या लोकांचे स्नायू जास्त असतात वगैरे समजूत होती. कागदावर किडनी चांगली दिसायची आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या समितीनं वंशाचा तो आकडा काढून नवं सूत्र वापरा म्हणून सांगितलं. तिथेही 'शास्त्रच आहे हो' म्हणूनच वर्षानुवर्षं चाललं होतं, पण चुकीचा भुर्दंड पेशंटला होता. तुमच्या केसमध्ये तसं नाही म्हणून म्हणते, टेस्ट करून घ्या. वहिनींची एएस आली तर तुमचीही लगेच करा, त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या व्हिजिटला मॅडमना शांतपणे सांगा की सगळ्यांनाच विचारत जा, सगळ्यांचीच करत जा. सांगा हं, घरी येऊन बायकोसमोर बोलू नका फक्त.

ताई, मी गडचिरोलीतल्या भामरागडची आहे, माडिया आदिवासी. नागपूरला हॉस्टेलवर राहून शिकते. इथे मी गाव सांगितलं की पहिला प्रश्न, तिकडे नक्षलवादी असतात ना? मागच्या रविवारी रूममेटची आई आली होती, ती म्हणाली तू ओळखते का गं त्यांना? सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण रात्री झोप नाही आली. याला काय म्हणायचं? आणि उत्तर काय द्यायचं? नागपूरची सगळी लोकं अशीच तोंडाळ असतात का?
— सही केली आहे, पण नाव छापू नका म्हणून लिहिलंय

बाळा, पहिला प्रश्न माफ करून टाक. भामरागडचं नाव इथल्या लोकांनी पेपरात दोनदाच वाचलेलं असतं, एकदा नक्षलवाद्यांच्या बातमीत आणि एकदा पावसाळ्यात, पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं आणि संपर्क तुटला म्हणून. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथे एकत्र येतात, तो संगम केवढा सुंदर आहे, हे कोणी छापत नाही. त्यामुळे 'तिकडे असतात ना' हा अडाणीपणा आहे, भागाबद्दल विचारलेला प्रश्न आहे, तुला उत्तर द्यायचा कंटाळा आला तर नको देऊ.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. 'तू ओळखते का' म्हटलं की भाग संपला, तू सुरू झालीस. तिथे माणसं राहतात, त्यातले काही बंदूकवाले, म्हणून तू त्यांच्यातली असणार, निदान त्यांच्या ओळखीची. त्या बाईंनी मजेत म्हटलं असेल, पण ही मजा उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत किंवा पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी कोणी सीरियसली घेतली तर तुझंच नुकसान, त्यांचं नाही. याला वर्णद्वेष म्हणायचं की जातीयवाद की आणखी काही, यावर विद्वान भांडत असतात. आपल्या सरकारनं २००१ मध्ये वंशवादाविरुद्धच्या डर्बनच्या जागतिक परिषदेत सांगितलं की जात म्हणजे वंश नाही, बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये दाखवलं होतं की जातींची वाटणी वंशावर झालेली नाही, पण बाबासाहेबांनी ते जात उखडायला सांगितलं आणि सरकारनं परिषदेत विषय टाळायला, एकच वाक्य, बघ कुठून कुठे जातं. तुला त्या नावाची गरज नाही. तुला झोप नाही आली, एवढं पुरे आहे मला.

उत्तर काय द्यायचं? 'नाही काकू, मी तुम्हालाच पहिल्यांदा भेटतेय' म्हण आणि हस, मग त्यांचा चेहरा बघ. किंवा काहीच न म्हणता विचार, 'काहून काकू, तुमच्या मोहल्ल्यातले सगळे गुंड तुमच्या ओळखीचे आहेत का?' हे जरा जास्त होईल, रूममेट चांगली असेल तर पहिलंच वापर. आणि तिला एकटीला गाठून सांग की मला वाईट वाटलं, ती हसणाऱ्यांत होती की गप्प होती ते तेव्हाच कळेल.

आणि ते शेवटचं, नागपूरची सगळी लोकं तोंडाळ असतात का. तू हॉस्टेलातल्या पंधरा-वीस पोरी आणि एक काकू बघून अख्ख्या शहराचा अंदाज बांधलास, वर मी काकांना आणि दुकानवाल्या ताईंना एवढं झापलं, मग तुला सोडून कसं चालेल? पण जाऊ दे. या एका बाबतीत तुझा अंदाज खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही, चार पत्रांना उत्तरं देता देता मी चार पानं खाल्ली आणि संपादकांचा आता तिसऱ्यांदा फोन येऊन राहिला.